फॅन बेल्ट किंचाळतोय? नवा टाकण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल लागला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते: ‘एसी लावला की पुढून चीं चीं आवाज येतो.’ त्यावर ठरलेला इलाज म्हणजे नवा फॅन बेल्ट, म्हणजे इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), एसी वगैरे फिरवणारा रबरी पट्टा. दोन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. दोष बेल्टला, कारण दिसतो तोच. खरं दुखणं बहुतेक वेळा तो ज्यांच्यावरून फिरतो त्या पुल्यांत किंवा टेन्शनरमध्ये (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागात) असतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे आवाज आला की बेल्टवर काहीतरी फासणं. साबण, मेण, ग्रीस, चिकट स्प्रे. आवाज तात्पुरता दबतो, पण त्या चिकट थरावर आपल्याकडची धूळ बसते आणि खाचांमध्ये घासत राहते. ऑइल किंवा कूलंट सांडून बेल्ट भिजला असेल तर आधी गळती बंद करा, पुल्या पुसून कोरड्या करा, मगच नवा बेल्ट चढवा. उलटं केलंत तर नवा बेल्टही फुगून खराब होणार.

फासायचंच असेल तर साधं पाणी, आणि तेही फक्त तपासायला. इंजिन आयडलवर ठेवा, बाही आणि ओढणी सांभाळा, आणि लांबूनच बाटलीने खाचांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही. आवाज उलट वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतोय. फुकटातली ही चाचणी करून न बघता बेल्ट विकणाऱ्याला निदान ‘का?’ एवढं तरी विचारा.

सैल आहे म्हटल्यावर दुसरं टोक गाठलं जातं. ज्या गाड्यांत अल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो, तिथे टॉमी (लोखंडी दांडा) घालून बेल्ट तारेसारखा ओढतात. आवाज जातो खरा, पण जास्तीचा ताण अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जातो. शंभर-दोनशे रुपयांची कटकट मिटवायला जाऊन हजारोंचा अल्टरनेटर गमवायचा, असा हा हिशेब. ताण किती हवा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. नवा बेल्ट थोडा चालल्यावर बसतो, म्हणून काही दिवसांनी एकदा परत बघून घ्यावा. ऑटो टेन्शनर असेल तर हाताने ताण देण्याचा प्रश्नच नाही. तिथे टेन्शनरचा हात थरथरतोय का, तिरका झालाय का, एवढं पाहायचं.

आता पुल्या. बेल्ट उतरवलाच आहे तर पाच मिनिटं जास्त द्या. इंजिन बंद, किल्ली खिशात. आयडलर, म्हणजे बेल्टला फक्त वाट दाखवणारी पुली, बोटाने फिरवा. चांगलं बेअरिंग आवाज न करता फिरतं आणि आतल्या ग्रीसमुळे लवकर थांबतं. करकर लागली, खडबडीत वाटलं किंवा पुली मोकाट भिरभिरत राहिली, तर ग्रीस संपलंय. मग पुली धरून बाजूला हलवा. डुगडुगली तर बदलाच. डिझेल गाड्यांमध्ये बऱ्याचदा अल्टरनेटरला एका दिशेने मोकळी फिरणारी पुली असते. ती जाम झाली की टेन्शनर फडफडतो आणि बेल्ट झिजत राहतो. अशा गाडीला कितीही बेल्ट घाला, पुरणार नाहीत.

भेगा नाहीत म्हणजे बेल्ट ठीक, हा समज जुन्या रबराच्या काळातला. हल्लीच्या ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) बेल्टला भेगा फार कमी पडतात. तो टायरसारखा झिजतो, खाचा खोल होतात आणि पकड जाते. वरून काळाकुळकुळीत, आतून संपलेला.

नवा घेताना नंबर बघून घ्या. ६पीके १२०० म्हणजे ६ रेघा आणि १२०० मिलिमीटर लांबी. ‘हा पण बसतो’ म्हणून थोडा लांब बेल्ट दिला तर टेन्शनर आपल्या शेवटच्या खुणेला जाऊन टेकतो, ताणायला जागाच उरत नाही. काढण्याआधी बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून कड तपासा. एक रेघ बाहेर राहिली तर लवकरच कडेचे धागे सुटायला लागतात. काही गाड्यांत टेन्शनरच नसलेला, स्वतः ताणणारा बेल्ट असतो. तो स्क्रूड्रायव्हरने ढकलून चढवू नका, त्याचं वेगळं हत्यार मिळतं.

वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुणं हाही आपला लाडका प्रकार. पंढरपूर, अक्कलकोट करून आलेली गाडी धुळीने माखते, धुवावीशी वाटणारच. पण तो फवारा थेट बेअरिंगच्या सीलवर मारू नका.

सकाळी पहिल्या स्टार्टलाच आवाज येऊन थांबत असेल तर बॅटरीही तपासा. थकलेली बॅटरी भरताना अल्टरनेटरवर जास्त भार येतो, आणि सैल बेल्ट नेमका तेव्हाच घसरतो. बेल्ट बदलण्याच्या मुदतीचं म्हणाल, तर मॅन्युअलमध्ये धूळ आणि कडक परिस्थितीसाठी वेगळा तक्ता असतो. सोलापूरकरांनी तोच आपला समजावा.

पुणे हायवेवर मोहोळच्या पुढे अचानक बॅटरीचा लाल दिवा लागला आणि सोबत तापमानाचा काटा चढायला लागला, तर ‘टेंभुर्णीपर्यंत जाऊ’ म्हणू नका. तुमच्या गाडीत वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर थोड्याच किलोमीटरमध्ये हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालची सील) जाऊ शकतं. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि टोईंगवाल्याला फोन लावा.