ग्रंथालयातलं माहिती साक्षरतेचं सत्र: या चुका टाळा

विद्यार्थ्यांना माहिती शोधायला आणि पारखायला शिकवणारं हे सत्र फसतं ते बहुतेकदा चुकीच्या वेळेमुळे. वर्ष सुरू होताच सगळ्यांना सभागृहात बसवून डेटाबेस (लेख शोधण्याच्या ऑनलाइन सूची) दाखवले जातात आणि असाइनमेंट मिळते दोन महिन्यांनी. तोवर काय लक्षात राहणार? प्राध्यापकांकडून असाइनमेंटचा कागद आधीच मागून घ्या आणि विषय ठरल्यानंतरचा, पण लिखाण सुरू होण्याआधीचा तास मिळवा.

त्या एका तासात कॅटलॉग, चार डेटाबेस, संदर्भशैली आणि वाङ्मयचौर्य असं सगळं कोंबू नका. 50 मिनिटांत दोनच गोष्टी नीट होतात: शोध कसा मांडायचा आणि सापडलेलं कसं पारखायचं. तुमचं बोलणं 15 मिनिटांत आटपा. बाकी वेळ प्रत्येकाला स्वतःच्या विषयावर शोधू द्या. पडद्यावर तालीम करून ठेवलेला, पहिल्याच फटक्यात छान निकाल देणारा शोध दाखवू नका. फसलेला शोध दाखवा आणि तो सगळ्यांसमोर दुरुस्त करा. मुलांना नेमकं तेच जमत नसतं.

'काहीच सापडत नाही'

अशी तक्रार आली की आधी सर्चबॉक्स बघा. तिथे बहुधा अख्खं वाक्य टाकलेलं असतं: 'मोबाईलच्या अतिवापराचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या झोपेवर होणारा परिणाम'. बरेच डेटाबेस असे सगळे शब्द एकाच नोंदीत शोधतात, 'परिणाम' आणि 'अतिवापर' यांसकट, म्हणून हाती काही लागत नाही. कागदावर तीन रकाने पाडायला सांगा: मोबाईल, विद्यार्थी, झोप. प्रत्येकाखाली दोन-तीन पर्यायी शब्द लिहायचे. एका रकान्यातले शब्द 'ऑर'ने (OR, म्हणजे यांपैकी कोणताही) जोडून कंसात टाकायचे, मग कंस एकमेकांना 'अँड'ने (AND, म्हणजे सगळे हवेत) जोडायचे.

उलट हजारो निकाल आले, तर कंस राहिला आहे का ते तपासा. 'मोबाईल ऑर स्मार्टफोन अँड झोप' असं लिहिलं की 'अँड' आधी सोडवणारा डेटाबेस 'स्मार्टफोन आणि झोप' एवढंच एकत्र शोधतो आणि मोबाईलवरचे झाडून सगळे लेख सोबत आणतो. शब्दाची रूपं पकडण्यासाठी त्याच्या शेवटी लावायच्या तारांकनाचे (*) नियमही डेटाबेसनुसार बदलतात. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमध्ये त्याआधी किमान चार अक्षरं लागतात. गुगल स्कॉलरमध्ये ते चालतच नाही. एक जरी चांगला लेख सापडला, तरी त्याच्या नोंदीतली विषयशीर्षकं (लेखाचा विषय सांगणारे ठरावीक शब्द) पाहून तेच शब्द पुढच्या शोधात वापरायला लावा. ही सवय लागली की निम्मी अडचण सुटते.

पारख करताना पानातच अडकणं

तारीख, लेखक, अचूकता, हेतू अशी यादी देऊन टिकमार्क करायला लावणं सोपं असतं, पण त्याने फसवी पानंही पास होतात. स्टॅनफर्डच्या 2017च्या अभ्यासात इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स यांच्या वेबसाइट पारखायला दिल्या होत्या. पहिली 1930मध्ये स्थापन झालेली बालरोगतज्ज्ञांची मोठी व्यावसायिक संघटना, दुसरी 2002मध्ये निघालेला छोटा गट. अनेक विद्यार्थी आणि इतिहासतज्ज्ञही मांडणी आणि संदर्भयादी पाहत त्याच पानावर रेंगाळले. तथ्यतपासनीस मात्र लगेच नवीन टॅब उघडून इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहत होते. वर्गात हेच करून घ्या: पान उघडा, न वाचता बाहेर पडा, संस्थेचं नाव शोधा, मगच परत या.

चॅटबॉटने दिलेले संदर्भ

लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, लेख मात्र अस्तित्वातच नाही, असं होतं. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून पाहा, कारण खरा डीओआय भलत्याच लेखाकडे जाऊ शकतो. मग शीर्षक अवतरणचिन्हांत शोधा. तरीही सापडलं नाही, तर जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका काढा.

'समजलं का?' असं विचारलं की सगळे मान डोलावतात. त्याऐवजी शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाकडून शेवटचा शोध, निवडलेला एक लेख आणि निवडीचं एक कारण लिहून घ्या. ते त्याच दिवशी वाचा आणि जिथे कंस नाहीत किंवा कारण फक्त 'पहिलाच निकाल होता' असं आहे, त्यांना पुन्हा बोलवा.

असाइनमेंटमध्ये 'वेबसाइट चालणार नाहीत' असं लिहिलेलं असेल, तर सत्राआधीच प्राध्यापकांशी बोला. ऑनलाइन जर्नलही विद्यार्थ्याला वेबसाइटच वाटते आणि तो चांगला लेख सोडून देतो. तिथे 'तज्ज्ञपरीक्षित लेख, छापील किंवा ऑनलाइन' असं लिहायला सुचवा.