कंपनी यायच्या आधी गावाचं जंगल कागदावर आणताना

खाणीचा किंवा कारखान्याचा प्रस्ताव तालुक्याला पोचला की गावात धावपळ सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. प्रस्तावाला जोडलेल्या नकाशात असतात वनविभागाचे कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या तुकड्यांचे आकडे. मोह वेचायची जागा, गुरांची वाट, देवाचा डोंगर यातलं काहीच तिथं नसतं. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा सामूहिक दावा हे सगळं नोंदीत आणतो. राखीव वन असो, संरक्षित असो की अभयारण्य, हा दावा करता येतो.

पहिली चूक दाव्याच्या अर्जाच्या नमुन्यातच होते. नमुना ब हा वापराच्या हक्कांचा: सरपण, चराई, मासे, गौण वनउपज (मोह, तेंदू, डिंक, बांबू असं), निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगलाचा परंपरेचा वापर). नमुना क हा जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा. बऱ्याच गावांकडून फक्त ब भरून घेतला जातो. मग हातात वापराचा हक्क येतो, पण जंगलाचा कारभार गावाकडे येत नाही. दोन्ही नमुने एकाच ग्रामसभेत मंजूर करून एकत्र द्या. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला तो 2011 मध्ये. कारभाराचा हक्क म्हणजे काय, ते या परवान्यात दिसतं.

ग्रामसभा कोणती, हेही आधी ठरवा. गट ग्रामपंचायतीच्या चार-पाच गावांची मिळून भरते ती सभा इथं उपयोगाची नाही. तिची गणपूर्तीच, म्हणजे हजेरीची किमान संख्याच, होत नाही. अनुसूचित क्षेत्रात (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या) पाडा किंवा टोला स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. गणपूर्तीला निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला लागतात. गावात 240 प्रौढ असतील तर किमान 120 हजर हवेत आणि 120 च आले तर त्यांत 40 बाया. दाव्यावर ठराव करायचा असेल त्या दिवशी दावेदारांपैकी किमान निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर हवेत. याच सभेत दावे तयार करून पडताळणारी 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा. तिच्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला असाव्यात. अध्यक्ष आणि सचिव निवडून प्रांत कार्यालयाला लेखी कळवा.

यानंतर शीव चालायची. हे काम घाईत करू नका, पुढचे निम्मे वाद इथंच जन्मतात. सोबत म्हातारी माणसं घ्या, गुराखी घ्या आणि डिंक, तेंदू, मोह गोळा करणाऱ्या बाया घ्या. नाल्याच्या पलीकडचा कुठला मोह कुणाच्या घरचा, हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. शेजारच्या गावाला आधी निरोप द्या, त्यांची माणसं बरोबर चालू द्या आणि जिथं एकमत झालं तिथं दोन्ही गावांच्या सह्यांचा कागद तिथंच करा. वाद उरलाच तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं. तिथंही मिटला नाही तरच तो उपविभागीय समितीकडे, म्हणजे प्रांत पातळीवर दावे तपासणाऱ्या समितीकडे जातो. जीपीएस घेताना प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक नाव असलेल्या खुणेवर बिंदू घ्या. दाट झाडीखाली यंत्र काही मीटर चुकतं, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबून मगच नोंद करा. बिंदूच्या क्रमांकापुढे जागेचं नाव गावच्या बोलीत लिहा. नुसता आकडा पुढे कुणाला काही सांगत नाही.

देवस्थानं, देवराया, स्मशान, जत्रेची वाट सोडू नका. ओडिशातल्या नियामगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी ग्रामसभांनी धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचाही विचार करावा असा निकाल दिला. त्यानंतर 12 च्या 12 ग्रामसभांनी खाण नाकारली. आपल्या दाव्यात ही ठिकाणं लिहिलेली असली की पुढे ती नव्याने सिद्ध करत बसावं लागत नाही.

पुरावा एकाहून अधिक प्रकारचा हवा. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या परंपरागत हक्कांच्या जुन्या सरकारी नोंदी शोधा. इतरत्र जुना गावनकाशा, गॅझेटियर, वनविभागाची कार्य आयोजना (जंगलाच्या कामांचा आराखडा) बघा. त्याला वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब जोडा, जबाब देणारी व्यक्ती मात्र स्वतः दावेदार नसावी. जुन्या विहिरी, बांध, पडक्या घरांच्या खुणा हाही कायद्याने मान्य पुरावा आहे.

पडताळणीची तारीख रेंजर आणि तलाठ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं धरून चाला. अधिकारी आले तर पंचनाम्यावर हुद्दा आणि तारखेसह त्यांची सही घ्या. आले नाहीत तर तसं पंचनाम्यात लिहून पोचेची प्रत जोडा. 'आमच्या गैरहजेरीत मोजणी झाली' हा आक्षेप नंतर हमखास येतो.

ठरावाची वही म्हणजे गावाची तिजोरी. कोऱ्या पानावर एकही सही होऊ देऊ नका. सह्या आधी घेऊन मजकूर नंतर भरला, की तोच कागद 'संमती' म्हणून समोर येतो. ठराव असा सुरू व्हावा: 'एकूण 240 सभासदांपैकी 146 हजर, त्यांत महिला 61.' मजकूर मोठ्याने वाचा, गावच्या भाषेत समजावा, मग सह्या आणि अंगठे घ्या. उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारा आणि त्याच बैठकीत प्रत्येक पानाचा फोटो काढा. रस्ता, शाळा, अंगणवाडीसाठी वनजमीन देण्याचा ठराव समोर आला तर त्यातला आकडा वाचा: कायद्यात अशा एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी 75 पर्यंतच झाडं तोडायची मुभा आहे.

खाण, कारखाना अशा कामासाठी वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी, असं केंद्राच्या 2009 च्या परिपत्रकात होतं. 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता राज्य सरकारवर सोपवली, तीही केंद्राच्या मंजुरीनंतर. म्हणून प्रस्ताव येण्याआधीच दावा दाखल असणं आता जास्त गरजेचं झालं आहे. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत जंगलात राहणाऱ्या कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही, हे वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) मध्ये स्पष्ट आहे. अर्जांत ते कलमाच्या आकड्यासह लिहा.

दावा फेटाळला तर कारणं लेखी मागा. ती देणं समितीला बंधनकारक आहे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे 60 दिवसांत जाता येतं. निर्णयाची प्रत हातात आली की कोपऱ्यात तारीख टाका, पण दिवस मोजायचे ते ठरावाच्या किंवा निर्णयाच्या तारखेपासून.

हक्कपत्र मिळालं की तीन गोष्टी तपासा. नाव ग्रामसभेचं आहे की पंचायतीचं? क्षेत्र मागितलं तेवढं आहे की निम्मे कक्ष गळले? आणि कायद्यात नसलेल्या अटी शेवटच्या पानावर घुसवल्या आहेत का? चूक दिसली तर हक्कपत्र मुकाट्याने ठेवून घेऊ नका, दुरुस्तीचा ठराव करून त्याच आठवड्यात पाठवा. महसूल आणि वन या दोन्ही खात्यांनी तीन महिन्यांत या हक्काची नोंद आपापल्या दप्तरी घ्यायची असते. ती झाली का, हे तलाठ्याकडे आणि रेंज कार्यालयात स्वतः जाऊन बघा आणि नोंदीची नक्कल वहीत लावा.