एक्सेलमध्ये फील्डचा डेटा भरताय? आधी तारखेचा कॉलम बघा

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून नमुने आणायचे, ब्रिक्स (म्हणजे रसातली साखर), घडाचं वजन, छाटणीची तारीख वगैरे. स्कूटीवर धूळ खात सगळं गोळा केलं आणि वाट लावली ती एका कॉलमने.

वहीत होतं ०४/१०, म्हणजे ४ ऑक्टोबर. टायपिंग केलं मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, त्याचं रीजन सेटिंग अमेरिकेचं, तिकडे महिना आधी. एक्सेलने गुपचूप १० एप्रिल करून टाकलं. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र त्याला कळेनात, तेरावा महिना कुठून आणणार, म्हणून त्या नुसत्या मजकूर म्हणून राहिल्या. म्हणजे काही तारखा चुकीच्या, काही बरोबर दिसणाऱ्या पण तारखाच नसलेल्या, आणि एरर कुठेच नाही! मजकूर डावीकडे आणि तारीख उजवीकडे सरकते, त्यावरून कळलं असतं, पण मी शीट छान दिसावी म्हणून सगळं सेंटर केलेलं. शहाणपणा.

बरं, १० एप्रिल बघून खटकलंही नाही, कारण एप्रिलमध्ये आपल्याकडे खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची छाटणी, असतेच की. ग्राफ काढला तेव्हा काही बागांना छाटणीपासून काढणीपर्यंत तीनशेच्या वर दिवस लागत होते. ४ ऑक्टोबर आणि १० एप्रिल यात १७७ दिवस, तेवढेच जास्त.

म्हणून सांगते, वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम करा. कंटाळवाणं आहे, करा. एका ओळीत एकच नमुना, युनिट कॉलमच्या नावात, आणि कॉलमचा अर्थ सांगणारी वेगळी शीट. खराब नमुना पिवळा रंगवू नका, सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाईल) केली की रंग गेला, त्यापेक्षा 'शेरा' कॉलम ठेवा. गावांची नावं डेटा व्हॅलिडेशनच्या (ठरवलेलंच भरू देणारी एक्सेलची सोय) लिस्टमधून निवडा, नाहीतर निफाडची चार स्पेलिंग होतात. पण कॉपी-पेस्ट केलं की ते व्हॅलिडेशन गुंडाळलं जातं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाईड लोक 'डेटा क्लीन करून आण' एवढंच म्हणतात, कसा ते नाही. आणि यूट्यूबवरचा मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारा छोटा कोड) उचलून मूळ फाईलवर चालवणाऱ्यांना तर मी हात जोडते. मूळ फाईल रीड-ओन्ली ठेवा, काम कॉपीवर.

घाबरू नका, मोठ्या शास्त्रज्ञांचंही होतं. एक्सेल 'मार्च१' नावाच्या जीनची तारीख करायचं, शेवटी २०२० मध्ये अशा जीन्सची नावंच बदलावी लागली.

माझं निस्तरायला तीन आठवडे गेले. बागायतदारांना परत फोन केले. एक काका म्हणाले, "ताई, तुम्ही तर समोर बसून वहीत लिहून घेतलं होतं ना?"

घेतलं होतं. वहीत बरोबरच होतं.