जुने युकुलेले पारखण्याची आणि सांभाळण्याची रीत

जुने युकुलेले (गिटारीसारखे चार तारांचे छोटे वाद्य) हाती आले की बहुतेक जण आधी तारा जुळवून ते वाजवून पाहतात. क्रम याच्या नेमका उलट हवा. ऐंशी-शंभर वर्षांच्या वाद्यात कुठला जोड सुटलेला आहे हे पाहण्याआधीच त्यावर ताण दिला, तर इतकी वर्षे टिकलेली तबली (वाद्याची वरची पातळ फळी) किंवा घोडी (तबलीवरची, तारा पेलणारी पट्टी) आपल्याच हातून निखळू शकते. शिवाय ‘सुस्थितीत’ म्हणजे चकचकीत, हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवावा. मूळ पॉलिश, मूळ घोडी, मूळ खुंट्या आणि मूळ जोड ज्याचे शाबूत आहेत ते वाद्य सुस्थितीतले. मग त्यावर बोटांच्या खुणा असोत वा चार ओरखडे असोत. नव्याने तासून पॉलिश केलेले युकुलेले देखणे दिसते, पण त्या तासण्यात पातळ लाकूड आणखी पातळ झालेले असते आणि कारागिराच्या हाताची खूणही पुसली गेलेली असते.

तारा सैल करून तपासणी आतून सुरू करावी. दंतवैद्य वापरतात तसा छोटा आरसा आणि बारीक विजेरी स्वरछिद्रातून आत नेली, की बाहेरून कधीच न कळणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. पहिली नजर साहजिकच लेबलाकडे जाते; ते वाचावे, पण त्यावर विसंबू नये. 1879 च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ या जहाजातून मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज स्थलांतरित होनोलुलूला उतरले. त्यांच्यातल्या मनुएल नुनेस, ऑगस्टो दिअस आणि जोझे दो एस्पिरितो सांतो या सुतारकाम जाणणाऱ्या तिघांनी पुढे मायदेशातल्या ‘ब्रागिन्या’ या चौतारी वाद्याला हवाईच्या कोआ लाकडात नवे रूप दिले. तरीही नुनेस यांच्या नंतरच्या लेबलांवर युकुलेलेचे जनक म्हणून एकट्या त्यांचेच नाव छापलेले आढळते. लेबल ही मुळात जाहिरात असते, एवढे त्यावरून ध्यानात ठेवले तरी पुरे. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोतील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत या वाद्याची लाट आली आणि मुख्य भूमीवरचे कारखानेही ते मोठ्या प्रमाणावर बनवू लागले. त्यामुळे हवाई वळणाची सजावट दिसली म्हणून वाद्य हवाईत घडले, असे ठरवता येत नाही.

त्यापेक्षा बांधणी अधिक खरे बोलते. हवाईतल्या सुरुवातीच्या अनेक युकुलेल्यांत बोटपट्टी (दांडीवर तारा दाबायची पट्टी) वेगळी चिकटवलेली नसते. फ्रेट (स्वरांसाठीच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) थेट दांडीच्या लाकडात बसवलेले असतात आणि दांडीचा पृष्ठभाग तबलीशी समतल असतो. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीच्या युकुलेल्यात मात्र बोटपट्टी स्वतंत्र असते. मार्टिनच्या गिटारींवर असतो तसा अनुक्रमांक तिच्या युकुलेल्यांवर सहसा नसतो. म्हणून काळ ठरवताना बारकावे जुळवावे लागतात: खुंट्या लाकडी आहेत की धातूच्या, कंपनीचा शिक्का दांडीच्या माथ्यामागे ठोकलेला आहे की नाव पुढच्या बाजूला चिकटचित्राने उमटवले आहे. हे चिकटचित्र 1930 च्या दशकापासूनचे लक्षण मानले जाते. एकाच खुणेवरून काळ सांगू नये, कारण सुटे भाग बदलले जातात.

आता आरसा तबलीच्या आतल्या बाजूला वळवावा. चांगल्या युकुलेल्याची तबली दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास असते आणि तिला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या टोकांकडे निमुळत्या केलेल्या असतात. त्या निमुळत्या टोकांवर घाईच्या आणि निगुतीच्या कामातला फरक स्पष्ट दिसतो: निगुतीच्या कामात पटाशीचा शेवटचा हात स्वच्छ असतो, घाईच्या कामात पट्टी नुसती कापून चिकटवलेली असते. जोडांवरचा सरस पाहावा. जुना प्राणिज सरस पातळ, मधाच्या रंगाचा आणि ठिसूळ असतो. त्याच्या शेजारी पांढुरका, जाडसर किंवा रबरासारखा थर दिसला तर तिथे नंतर कुणीतरी दुरुस्ती केली आहे. दुरुस्ती हा दोष नव्हे, वाईट दुरुस्ती हा दोष आहे. भेगेच्या आतून छोट्या लाकडी चकत्या नीट बसवल्या असतील तर ते वाद्य निर्धास्त वाजवावे. भेगेत घट्ट होणारा कृत्रिम गोंद ओतून ठेवला असेल तर पुढच्या कारागिराला तो जोड पुन्हा उघडणे कठीण जाईल. सरसाचा मोठा गुण हाच की ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो. अवगुणही तोच, म्हणून उन्हात तापलेल्या गाडीत असे वाद्य कधीही ठेवू नये.

बाहेर आल्यावर घोडीकडे जावे. साध्या कागदाची पातळ पट्टी तिच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहावी. कागद आत शिरला तर घोडी उचलली जाऊ लागली आहे. घोडीभोवती पॉलिशमध्ये वेगळ्या रंगाची चौकट दिसली तर ती कधीतरी हलवलेली किंवा बदललेली आहे. घोडीमागे तबलीला किंचित फुगीरपणा येणे वयोमानाने स्वाभाविक आहे, पण घोडीपुढचा भाग खचलेला असेल तर आतली पट्टी सुटली असण्याची शक्यता मोठी. बोटाच्या टोकाने तबलीवर हलकेच टिचक्या मारत गेले, की सुटलेली पट्टी खुळखुळून स्वतःची जागा सांगते.

मग नटपासून (दांडीच्या माथ्याजवळचा तारांचा टेकू) बाराव्या फ्रेटपर्यंतचे आणि तिथून घोडीवरच्या तारेच्या टेकूपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही जवळजवळ सारखी, दुसरे किंचित जास्त, अशी हवीत. सोप्रानो या लहान आकारात तारेची एकूण लांबी साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असल्यामुळे मिलिमीटरभराचा घोटाळाही कानाला टोचतो. बाराव्या फ्रेटवर तार अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा बरीच वर असेल तर दांडी पुढे झुकलेली असू शकते. ती सरळ करण्याचे काम घरी करू नये.

पॉलिशच्या बाबतीत हात आखडता घेणेच शहाणपणाचे. 1920 च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर रूढ होण्यापूर्वी चपड्याच्या लाखेचे पॉलिश सर्रास वापरले जाई, आणि ते स्पिरिटने विरघळते. त्यामुळे स्पिरिट असलेला कोणताही द्रव किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिश लावू नये. मऊ सुती कापड, फार तर किंचित ओलसर करून पिळलेले, आणि लगेच कोरड्या कापडाचा हात, इतकेच बहुतेक वेळा पुरते. अतिनील प्रकाशाची विजेरी मिळाली तर जुनी लाख नारिंगी उजळते आणि नंतर लावलेले ठिगळ वेगळे उठून दिसते.

घर्षणावर चालणाऱ्या लाकडी खुंट्या घसरतात म्हणून त्या काढून गियरच्या खुंट्या बसवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी भोके मोठी करावी लागतात आणि ते कायमचे असते. खुंटीला लावायची खास पेस्ट किंवा चिमूटभर खडू लावला, आणि खुंटी फिरवताना आत दाबत फिरवली, तर जुनी खुंटी चांगली धरते. माथ्यामागे स्क्रू असलेल्या खुंट्या असतील तर स्क्रू अर्धा फेरा घट्ट करून पाहावा, जोर करू नये.

तारा फक्त नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या लावाव्यात. हे वाद्य आतड्याच्या तारांसाठी घडवलेले आहे. पोलादी तारांचा ताण त्याची घोडी उपटून काढतो. त्या काळी ए-डी-एफ शार्प-बी अशी जुळवणी खूप प्रचारात होती, पण जुन्या वाद्याला एक पूर्ण स्वर खालची जी-सी-ई-ए जुळवणीच मानवते. तीही एका दमात चढवू नये. आधी तारा दोन-तीन स्वर खाली ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी घोडीखाली पुन्हा कागद सरकवून पाहावा, आणि काहीच हललेले नसेल तरच पूर्ण स्वरावर न्यावे. हवेतली सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहील अशा पेटीत वाद्य ठेवावे आणि पेटीत छोटा आर्द्रतामापक टाकावा. हवा फार कोरडी झाली की फ्रेटची टोके दांडीच्या कडेबाहेर बोटाला खुपू लागतात, आणि तबलीला भेग पडण्याआधी मिळणारी सूचना बहुधा तीच असते.