बेळगावच्या उपनगरी गावाचा लोकसंख्या-अर्थचित्र तक्ता कसा करावा

2011 च्या जनगणनेतला गावनिहाय प्राथमिक गोषवारा (Primary Census Abstract, लोकसंख्या, साक्षर, कामकरी यांचा तक्ता) घ्या. नाव जुळवताना घाई नको. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द या दोन वेगळ्या नोंदी. एकीचे आकडे दुसरीत गेले की तक्ताच बाद. जिल्हा तिथे ‘बेळगाम’ म्हणून शोधा, ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव 2014 चं. निपाणी तालुका नंतर झाला, त्याची गावं चिक्कोडीत सापडतील.

सगळ्यात जास्त चुका साक्षरतेत होतात. समजा लोकसंख्या 8,000, सहा वर्षांपर्यंतची मुलं 1,000, साक्षर 5,600. मुलं आधी वजा करा: 5,600 भागिले 7,000, म्हणजे 80 टक्के. थेट 8,000 ने भागलं तर 70 येतात आणि गाव उगाचच मागास दिसतं.

मग कामकरी. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असलेले मुख्य, बाकीचे सीमांतिक. दोघांची बेरीज करून शेतीचा टक्का काढू नका, हंगामी मजुरी त्यात मिसळते. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर असे चार रकाने. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत जाणारा कामगार ‘इतर’मध्ये, घरातल्या मागावरचा विणकर घरगुती उद्योगात.

मराठी भाषकांचा आकडा गावपातळीवर छापलेला नसतो. तालुक्याची टक्केवारी गावावर चिकटवू नका. सीमाभागात असा आकडा लगेच वादात ओढला जातो.