रोड बाईकला ट्यूबलेस बसवायचंय?

मुळशी-ताम्हिणीच्या रस्त्यावर कडेनं सायकल चालवणाऱ्याला बाभळीचे काटे आणि ट्रकच्या फुटक्या टायरमधल्या बारीक तारा फार छळतात. तिथे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) मला मनापासून पटलंय: काटा घुसतो, टायरमध्ये भरलेलं पांढरं पातळ सीलंट फसफसत बाहेर येतं, चाक थोडं फिरलं की भोक बंद. हवाही कमी चालते. 28 मिमी टायरमध्ये ट्यूब असताना 85 पीएसआय भरत असाल तर आता 65च्या आसपास भरून बघा. खराब डांबरावरचे हादरे चांगलेच कमी होतात. रिम हुकलेस (टायर अडकवून धरणारी आतली वळलेली कड नसलेली) असेल तर मात्र 72च्या वर अजिबात जाऊ नका.

बसवताना सगळा जीव रिम टेपवर, म्हणजे रिमच्या खाचेत लावायच्या हवाबंद पट्टीवर लावा. रिम स्पिरिटनं पुसा, वाळू द्या, टेप ताणून चिकटवा आणि शेवटी थोडी एकावर एक येऊ द्या. टेप सैल राहिली तर स्पोकच्या भोकांतून हवा जातच राहते. मग टायर चढवा, व्हॉल्व्हची कोअर (आतला फिरवून निघणारा भाग) काढा, कॉम्प्रेसरनं हवा मारा. टायरच्या दोन्ही कडा टक्क आवाज करून बसल्या की 30-40 मिली सीलंट आत सोडा.

कटकट सीलंटचीच. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं लागतं. मोठ्या चिरेला प्लग (भोकात कोंबायची चिकट पट्टी) लागतो, तोही टिकला नाही तर ट्यूब. त्यामुळे एक ट्यूब सोबत हवीच, आणि टायर फार घट्ट बसतो म्हणून तो काढायला मजबूत लीव्हरही. महिन्यातून एखाद्या रविवारीच सायकल काढणाऱ्यानं ट्यूबच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.