बेदाणा रॅकवर असताना हवा कशी ओळखायची

फेब्रुवारी संपत आला की आमच्या तासगावाकडं ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, पाऊस येतोय का? मग मोबाईल काढून पावसाची शक्यता किती टक्के ते बघायचं. मी तो आकडा शेवटी बघतो. आधी बघतो, द्राक्षं जाळीच्या रॅकवर सुकवतो त्या शेडवर आत्ता हवा कुठली आहे.

हवा एखाद्या मोठ्या प्रदेशावर किंवा समुद्रावर बरेच दिवस थांबली की तिथलाच गुण उचलते. हीच भूगोलातली वायुराशी. उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या कामाच्या दोनच. राजस्थान-गुजरातकडून उतरणारी कोरडी, आणि बंगालच्या उपसागरावरून आंध्र-कर्नाटक ओलांडून येणारी दमट. पहिलीवर बेदाणा सुकतो, दुसरीत काळा पडतो.

आर्द्रतेच्या टक्क्यांवरून मात्र या दोघी ओळखू येत नाहीत. पहाटे १६ अंशांना ६० टक्के आर्द्रता आणि दुपारी ३४ अंशांना २० टक्के, हे वाचून वाटतं हवा पार बदलली. बदललेलं काहीच नसतं. दोन्ही वेळी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा गार झाली की दव पडायला लागतं तो आकडा, ८ अंशांच्या आसपासच आहे, म्हणजे हवेत पाणी तेवढंच. पण दुपारी ३४ अंशांनाच ४५ टक्के दिसले तर दवबिंदू २० वर गेला. आता पाहुणी वेगळी आहे.

म्हणून रोज दुपारी एकाच वेळेला दवबिंदू लिहून ठेवा. बऱ्याच हवामान ॲपमध्ये तो असतो, खाली कुठंतरी दडवलेला. सोबत वाऱ्याची दिशा लिहा. त्यासाठी जाळीला बांधलेली सुतळी पुरते. माझा ठोकताळा असा: दवबिंदू १५ च्या आत असेल तर निवांत. तीन दिवस चढत चढत १८ ओलांडला आणि वारा उगवतीकडून किंवा आग्नेयेकडून धरून राहिला, तर नवा माल डिपिंगला, म्हणजे सुकवण्याआधी द्रावणात बुडवायला, घेऊ नका. द्राक्षं वेलीवर चार दिवस थांबतील. रॅकवरच्या मालाला मात्र दोन आठवडे तरी तिथंच काढायचे असतात.

शाळेत शीत आघाडी शिकवतात ना, थंड जड हवा खालून घुसते, उबदार हवा वर ढकलली जाते आणि त्या सीमेवर ढग उठतात, ती युरोपातली गोष्ट. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ आणि पंजाबात पाऊस टाकतात. आपल्यापर्यंत बहुतेक वेळा पिसासारखे उंच ढग पोचतात. ते सरले की उत्तरेचा वारा सुटून गारठा वाढतो आणि सुकणं मंदावतं, एवढंच. त्या पिसांना बघून ताडपत्र्या ओढणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आपल्याकडं गाठ पडते ती कोरड्या आणि ओल्या हवेची. मार्च-एप्रिलच्या बातम्यांत ‘विदर्भापासून केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा’ असं ऐकलं की कान टवकारा. त्याच्या आसपास दोन्हीकडचे वारे एकमेकांना भिडतात. (ओली हवा जड असते असं बरेच जण म्हणतात. उलट आहे. तापमान सारखं असेल तर ओली हवा हलकी, कारण पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी.) हा पट्टा आपल्या डोक्यावर किंवा पश्चिमेला सरकला की आपण ओल्या बाजूला येतो. मग दुपारी उन्हानं तापलेली ही हवा वर चढते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग डोळ्यांदेखत वाढतात. दवबिंदू चढलेला असताना असे ढग बाराच्या आत दिसले तर शेडचे पडदे बांधायला माणसं बोलवा. दुपारी चारनंतर माणूस मिळत नाही.

अगदी शेवटची खूण म्हणजे उकाड्यात अचानक येणारा गार झोत. ढगातल्या पावसानं गारठलेली हवा खाली आदळून जमिनीलगत पसरते आणि पुढची गरम हवा उचलते. शीत आघाडीचं हे छोटं रूप आपल्याला दारात बघायला मिळतं. झोत आला की हातात थोडीच मिनिटं उरतात. ज्या बाजूनं तो आला तिकडचा पडदा आधी सोडा, कारण पाऊसही बहुधा तिकडूनच आत शिरतो. पत्र्यावर कुणालाही चढू देऊ नका. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप चालू ठेवा.